टोचणं सकाळचं, ठणकणं रात्रीचं

सकाळी लस टोचून घरी आणलेलं बाळ दुपारी छान झोपतं. घरातल्यांना हायसं वाटतं. आणि मग दिवेलागणीच्या सुमारास ते रडायला लागतं. पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, तरी रडतं. अंगावर घेतलं की दोन घोट पितं, तोंड सोडतं आणि पुन्हा कळवळतं. कडेवर घेऊन येरझाऱ्या घातल्या तर जरा थांबतं, खाली ठेवलं की टाहो फोडतं. रात्री अकरापर्यंत आईबाबाही रडकुंडीला येतात आणि तो प्रश्न पडतोच: सुई तर सकाळी टोचली, मग हे आता का? काही बिघडलं तर नाही ना?

पायात कुसळ गेलं की काय होतं ते आठवून पाहा. शिरताना ते टोचतं आणि क्षणभराने विसरायला होतं. पण त्याच दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ती जागा ठणकायला लागते. टोचतं ते कुसळ. ठणक मात्र कुसळाची नसते, आत शिरलेल्या परक्या वस्तूवर आपलं शरीर जे काम सुरू करतं, त्या कामाची असते. बाळाच्या मांडीतही तेच घडतं. सुईचं दुखणं वेगळं, सहा-आठ तासांनी सुरू होणारं दुखणं वेगळं, आणि काही लसींचा त्रास तर आठवडाभराने येतो. तिन्हींची कारणं निराळी, त्यामुळे उपायही निराळे. म्हणून बाळ रडायला लागलं की आधी टोचून किती वेळ झाला ते मोजा, असं मी प्रत्येक नव्या आईबाबांना सांगते.

सुईचं रडणं

त्वचेतल्या आणि स्नायूतल्या वेदना टिपणाऱ्या तंतूंना सुईचा आणि आत शिरणाऱ्या औषधाचा धक्का बसतो. बाळ क्षणभर श्वास रोखतं, चेहरा लालबुंद होतो आणि मग किंकाळी फुटते. बहुतेक बाळं काही मिनिटांतच शांत होतात. म्हणून ‘एवढंसं तर आहे, विसरेल’ असं म्हणून ते सोडून दिलं जातं, आणि ते मला पटत नाही. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरसुद्धा मानत होते की नवजात बाळांना वेदना नीट जाणवतच नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियाही पुरेसं वेदनाशामक न देता व्हायच्या. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती, असं त्यातून दिसलं. बाळ रडतं कारण त्याला खरोखर दुखतं, ही आज साधी वाटणारी गोष्ट वैद्यकाने इतक्या उशिरा मान्य केली.

त्यानंतर या दुखण्यावर बरंच संशोधन झालं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाच्या वेदना कमी करण्यासाठी सूचना प्रसिद्ध केल्या. बाळाला टेबलावर आडवं पाडून धरण्यापेक्षा आईबाबांच्या कुशीत धरावं. एकाच वेळी दोन-तीन इंजेक्शनं असतील तर सगळ्यात जास्त झोंबणारं शेवटी द्यावं. आणि सुई आत गेल्यावर रक्त येतं का ते पाहायला दट्ट्या मागे ओढू नये. मांडीच्या त्या भागात मोठी रक्तवाहिनीच नसते, त्यामुळे दट्ट्या ओढल्याने सुई फक्त जास्त वेळ आत राहते आणि हलते.

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे टोचताना बाळ अंगावर पीत असणं. बाळ नीट प्यायला लागलं की मगच टोचायला सांगावं आणि नंतरही काही मिनिटं पाजत राहावं. आईची ऊब, तिचा वास, चोखण्याची हालचाल आणि दुधाची गोडी असं सगळं एकत्र मिळतं. यावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा टोचताना पिणारी बाळं सरासरी ३८ सेकंद कमी रडली असं आढळलं. ३८ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण जिथे सगळं रडणंच एक-दोन मिनिटांचं असतं, तिथे हा फार मोठा हिस्सा आहे. बाळाला ठसका लागेल ही भीती साहजिक आहे, पण या अभ्यासांत तसा धोका दिसलेला नाही. टोचणाऱ्यांना मात्र आधी विचारा, कारण त्यांना बसण्याची जागा आणि स्वतःचा हात बेतावा लागतो.

अंगावर पिणं शक्य नसेल तर काही ठिकाणी टोचण्याच्या मिनिट-दोन मिनिटं आधी साखरेच्या पाण्याचे काही थेंब जिभेवर देतात. गोड चवीने मेंदूतली स्वतःची वेदनाशामक यंत्रणा जागी होते, असा त्यामागचा विचार आहे. हे पाणी दवाखान्यातल्या माणसांकडूनच, मोजून दिलेलं असावं. आणि साखरेच्या जागी मध कधीही नको. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. तोंडातून दिली जाणारी रोटाव्हायरसची लस गोड असते. ती त्या दिवशी द्यायचीच असेल तर इंजेक्शनांच्या आधी दिलेली बरी, म्हणजे तिच्या गोडीचाही फायदा होतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटेल. टोचताना ‘माफ कर गं बाळा, कसं दुखलं माझ्या सोन्याला’ असं कळवळून बोलल्याने बाळ शांत होत नाही, उलट अनेकदा जास्त घाबरतं. त्याला शब्द कळत नाहीत, पण आवाजातला कंप कळतो. रोजचं गाणं रोजच्या सुरात म्हणावं, नाहीतर नुसतं गुणगुणावं. माझ्या धाकटीच्या पहिल्या डोसाला मला तेही जमलं नव्हतं. मी तिच्या टाळूवर गाल टेकवून नुसती बसले होते, आणि तेही तिला पुरलं.

टोचल्यावर तिथेच १५ ते ३० मिनिटं थांबायला सांगतात, ते टाळू नका. लसीची तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखादीच होते, पण होते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच होते आणि तिचं औषध तिथे हाताशी असतं.

संध्याकाळी काय सुरू होतं

तान्ह्या बाळाला बहुतेक इंजेक्शनं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या भागात देतात. त्या वयात तोच स्नायू सगळ्यांत भरीव असतो आणि मोठी नस किंवा रक्तवाहिनी त्याच्या वाटेत नसते. लस तिथे पोचली की आसपासच्या पेशींना ती परकी म्हणून ओळखू येते. त्या तिला गिळतात, तिचे तुकडे करतात आणि रासायनिक निरोप सोडतात. त्या निरोपांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी पेशी तिथे जमतात, पाणी झिरपतं. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, आणि वेदनेचे तंतू हळवे होतात. एरवी जो स्पर्श जाणवलाही नसता, तोही आता दुखतो. हे सगळं घडायला काही तास लागतात. दुपारची शांत झोप आणि संध्याकाळचा आकांत, यांच्यामध्ये हे काम चाललेलं असतं.

काही निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात. मेंदूचा जो छोटा भाग शरीराचं तापमान राखतो, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ‘तापमान थोडं वाढव’ असा हुकूम सुटतो. म्हणून ताप येतो, आणि चढताना डोकं गरम पण हातपाय गार लागतात. अंग दुखतं, भूक मंदावते, गुंगी येते. मोठ्या माणसाला ताप आला की ते ‘अंग मोडून आलंय’ म्हणतं. बाळाकडे रडण्याशिवाय दुसरी भाषा नाही.

बऱ्याच लसींमध्ये ॲल्युमिनियमचा एखादा क्षार थोड्या प्रमाणात असतो. अलेक्झांडर ग्लेनी या ब्रिटिश संशोधकाच्या गटाने १९२६ साली दाखवलं की घटसर्पाच्या लसीत तुरटी मिसळली तर शरीर तिला कितीतरी जोमाने प्रतिसाद देतं. होय, तीच तुरटी. आजचे क्षार तिचेच नातलग आहेत. ते लसीला त्या जागी थोडं धरून ठेवतात आणि पेशींना तिकडे बोलावतात. टोचल्या जागी वाटाण्याएवढी टणक गाठ राहते तिचं एक कारण हेच. लाली गेल्यावरही ही गाठ काही आठवडे हाताला लागू शकते. ती दुखत नसेल, वाढत नसेल, तर तिला काहीच करायचं नसतं. चोळून ती लवकर विरत नाही.

कोणती लस मिळाली, यावरही त्रास अवलंबून असतो. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या एकत्रित लसीचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जिवाणू असतो. त्याच्या कवचातल्या घटकांमुळे ताप आणि ठणक जास्त. या प्रकारात साधारण निम्म्या बाळांना ताप, मांडी दुखणं किंवा किरकिर यांपैकी काहीतरी होतं. नव्या प्रकारात जिवाणूचे निवडक भागच असतात. तो पहिल्यांदा जपानमध्ये १९८१ साली वापरात आला आणि त्याने त्रास बराच कमी होतो. म्हणून मैत्रिणीचं बाळ हसतखेळत राहिलं आणि आपलं रात्रभर रडलं, यावरून आपलं बाळ नाजूक ठरत नाही. दोघांना टोचलेलं औषधच वेगळं असेल. आणि ज्यांना ताप येत नाही त्यांची लस ‘लागली नाही’ असंही नसतं. अनेक बाळांच्या शरीरात हे सगळं काम ताप न चढताच पार पडतं.

ती रात्र

त्या रात्री एक गोष्ट आवर्जून पाहा: बाळ नेमकं कधी किंचाळतं? माझी मुलगी लंगोट बदलताना किंचाळायची आणि मला वाटायचं पोटात दुखतंय. दोन-तीनदा तसं झाल्यावर लक्षात आलं की लंगोट काढताना आपण बाळाचे दोन्ही पाय धरून वर उचलतो आणि सुजलेला स्नायू ताणला जातो. मग मी पाय न उचलता तिला अलगद कुशीवर वळवून लंगोट बदलायला लागले. निम्मं रडणं तिथेच थांबलं. कडेवर घेतानाही तेच घडतं, कारण आपला हात बरोबर त्या मांडीखालीच जातो. बाळाला उभं छातीशी धरा आणि आधार कुल्ल्यांना द्या. घट्ट इलॅस्टिकचे कपडे त्या दिवशी नकोत.

टोचलेल्या जागेवर स्वच्छ, गार पाण्याने ओला करून पिळलेला रुमाल काही मिनिटं ठेवला तर बरं वाटतं. बर्फ थेट लावू नये. तेल, मलम, लेप, चोळणं, शेकणं यांतलं काहीही नको.

बाळाला उघड्या अंगाने आपल्या उघड्या छातीशी धरणं सुईच्या वेळी उपयोगी पडतं, तसंच रात्रीही. दोन आणि चार महिन्यांच्या बाळांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लस टोचल्यावर बाळाला दुपट्यात गुंडाळणं, हातावर कुशीवर धरणं, कानाशी ‘शूऽऽ’ असा आवाज करणं, हलकं झुलवणं आणि चोखायला देणं, या पाच गोष्टी एकत्र केल्यावर बाळं लवकर शांत झाली. घरी हे करून पाहायला हरकत नाही, दोन गोष्टी सांभाळून. ताप असेल तर गुंडाळायचं नाही, कारण अंगातली उष्णता बाहेर पडली पाहिजे. आणि कुशीवर धरायचं ते आपल्या हातात असेपर्यंतच. झोपवायचं ते नेहमी पाठीवर, मोकळं.

दूध कमी पीत असेल तर एका वेळी पोट भरायचा हट्ट धरू नका. थोडं थोडं, वरचेवर द्या. लघवी नेहमीसारखी होत असेल तर पाणी पुरेसं जातंय असं समजा. बाळ जास्त झोपलं तर झोपू द्या. लसीनंतरच्या दिवशी बरीच बाळं नेहमीपेक्षा जास्त झोपतात. मात्र हाक मारल्यावर, गुदगुल्या केल्यावर ते जागं व्हायला हवं आणि प्यायला हवं.

आता औषध. पॅरासिटामॉल नेमकं त्या प्रोस्टाग्लँडिनलाच आवर घालतं, म्हणून ठणक आणि ताप दोन्ही कमी होतात. ते थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी नसतं, बाळाचा त्रास कमी करण्यासाठी असतं. ३८.३ अंश सेल्सियस ताप असून बाळ हसत असेल तर औषधाची घाई नाही. ताप नसूनही मांडी दुखून बाळ कळवळत असेल तर ते द्यायला हरकत नाही. पण ते डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मापाने. आणि इथे एक चूक फार सहज होते, म्हणून जरा थांबून वाचा.

मात्रा बाळाच्या वयावर नाही, वजनावर ठरते: दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. समजा बाळ ५ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम सांगितलं. तुमच्याकडे थेंबांची बाटली असेल आणि तिच्या दर मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर द्यायचं ०.६ मिलिलिटर. पण सिरपची बाटली असेल आणि ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल, तर तेच ६० मिलिग्रॅम म्हणजे २.५ मिलिलिटर. बाळ तेच, औषध तेच, माप चौपटीहून जास्त वेगळं. सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून दिलं तर बाळाला चौपट औषध जातं, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते. म्हणून लस टोचून निघण्याआधीच, आपल्याकडच्या बाटलीचा फोटो दाखवून, किती मिलिलिटर द्यायचं ते लिहून घ्या. घरचा चमचा वापरू नका. बाटलीबरोबरचा ड्रॉपर किंवा सिरिंज घ्या. दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थेंब नको. आयबुप्रोफेन अगदी लहान बाळांना चालत नाही. ॲस्पिरिन तर कुठल्याच लहान मुलाला नाही. त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा आजार होऊ शकतो.

‘मग टोचायच्या आधीच औषध देऊन ठेवलं तर?’ हे बरेच जण विचारतात. चेक प्रजासत्ताकात ४५९ बाळांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. लस दिल्यावर लगेच, ताप नसतानाच पॅरासिटामॉल सुरू केलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींमुळे तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही कमी भरली. बहुतेकांना संरक्षण तरी पुरेसं मिळालं होतं, त्यामुळे आधीच देऊन बसलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. पण त्रास दिसला तरच द्यावं, हा सल्ला त्यानंतर पक्का झाला. याला एक अपवाद आहे. मेंदूज्वराच्या एका जिवाणूवरची मेनिन्गोकोकल बी ही लस बाकीच्या लसींबरोबर दिली की ताप जास्त येतो. तिच्याबरोबर पॅरासिटामॉल ठरवून देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये आहे, आणि त्याने तिचं काम बिघडत नाही असं तपासलेलं आहे. तुमच्या बाळाला कोणती लस मिळाली, हे विचारायचं ते यासाठीही.

गार पाण्याने अंग पुसून ताप उतरवण्याचा प्रयत्न करू नका. मेंदूने तापमान वाढवायचा हुकूम दिलेला असताना बाहेरून थंडी लावली तर बाळ कुडकुडतं आणि जास्त रडतं.

तासन्‌तास थांबत नाही तेव्हा

डांग्या खोकल्याच्या लसीनंतर, विशेषतः अख्ख्या जिवाणूच्या लसीनंतर, काही थोडी बाळं सलग तीन तास किंवा त्याहून जास्त रडतात. कशानेच थांबत नाहीत. डॉक्टर याला ‘सततचं रडणं’ म्हणून वेगळं नोंदवतात. हे बहुधा पहिल्या २४ तासांत होतं, काही तासांत, फार तर एका दिवसात ओसरतं, आणि मागे काही ठेवत नाही. ते बहुतेक मांडीच्या दुखण्याचंच असतं, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होतो. पण पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांना फोन कराच. ते रडणं लसीचंच आहे, की कान दुखतोय, हर्निया अडकलाय, बोटाभोवती केस गुंडाळला गेलाय, हे कुणीतरी बाळाला पाहूनच सांगू शकतं.

या रडण्याच्या मागे एक जुनी भीती आहे, आणि ती कुठून आली हे सांगायला हवं. १९७४ साली ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी असं मांडलं की डांग्या खोकल्याच्या लसीमुळे मुलांच्या मेंदूला इजा होते. ते घराघरांत पोचलं, लस घेणाऱ्यांचं प्रमाण कोसळलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. २००६ साली सॅम्युअल बर्कोविच या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांच्या गटाने, लसीमुळे मेंदूचा आजार झाला असं समजल्या गेलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. त्यांतल्या ११ जणांत एकाच जनुकात बिघाड सापडला. आकडीचा तो आजार त्यांच्यात जन्मापासूनच होता. लसीच्या तापाने फार तर पहिली आकडी त्या दिवशी आली. त्या मुलांच्या आईवडिलांनी इतकी वर्षं ‘आपणच टोचायला नेलं’ हे मनात बाळगलं असेल. ते वाचल्यापासून मला वाटतं की रात्री रडणाऱ्या बाळाजवळ बसलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी.

ज्यांचं घड्याळ वेगळं चालतं

गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजण्यांच्या लसींत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते शरीरात आधी थोडे वाढतात, मग शरीर उत्तर देतं. त्यामुळे गोवराच्या लसीचा ताप त्या रात्री येत नाही. पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी अंगावर पुरळही उठतं. तोपर्यंत आपण लस विसरून गेलेलो असतो आणि बाळाला काय झालं ते कळत नाही. टोचलेली तारीख लिहून ठेवा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर या काळात साधारण ३ ते ४ हजार डोसांमागे एकाला तापाची आकडी येते. ती पाहणं भयंकर असतं, पण साधी तापाची आकडी मेंदूला इजा करत नाही.

क्षयरोगावरच्या बीसीजी लसीची चाल आणखी संथ. काही आठवड्यांनी टोचल्या जागी पुटकुळी येते, फुटते, खपली धरते आणि वण राहतो. ती फोडायची नाही आणि तिला काही लावायचंही नाही.

रोटाव्हायरसच्या लसीनंतर थोडे जुलाब किंवा उलटी होऊ शकते. पण एक रडणं ओळखायला शिका. बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन कळवळतं, थोड्या वेळाने शांत, निस्तेज पडतं, पुन्हा तीच कळ येते. सोबत उलट्या, आणि शीमध्ये रक्त किंवा लालसर शेंबडासारखं काही. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याची ही लक्षणं असू शकतात. हे फार क्वचित होतं, बहुधा डोसनंतरच्या आठवडाभरात, आणि अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

थांबू नये असं आणखी काय? बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल, तर आजच लस दिली आहे हे माहीत असूनही डॉक्टरांना विचारा. या वयात लसीचा ताप आणि जंतुसंसर्गाचा ताप बाहेरून सारखेच दिसतात. कुठल्याही वयात ४० च्या आसपास ताप, दोन दिवसांनंतरही न उतरलेला ताप, आकडी, श्वासाची घरघर, चेहऱ्यावर सूज किंवा अंगभर गांध्या, दूध अजिबात न घेणं, तासन्‌तास कोरडा लंगोट, नेहमीपेक्षा वेगळं चिरकं, तारस्वरातलं रडणं, लाली मांडीभर पसरत जाणं, हे सगळं दाखवण्यासारखं आहे. आणि बाळ एकदम लुळं, पांढरंफटक पडलं, हाकेला ओ देईना, तर ताबडतोब निघा. लसीनंतर काही तासांत क्वचित असं होतं आणि बहुतेक बाळं आपोआप पूर्ववत होतात, पण ते ठरवायचं काम घरचं नाही.

धरणारे हात

बाळाचं रडणं जन्मानंतर आठवड्यागणिक वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. लस न देताही हे होतं, आणि तेही संध्याकाळीच जास्त. इंजेक्शनांची पहिली मोठी फेरी बहुतेक ठिकाणी नेमकी याच आठवड्यांत येते. म्हणजे त्या रात्रीचं रडणं दुप्पट असू शकतं, अर्धं लसीचं आणि अर्धं वयाचं. बाळंतपणानंतर दोन महिने धड झोप न मिळालेल्या माणसांवर ते येऊन आदळतं.

म्हणून त्या रात्रीची तयारी बाळापुरती ठेवू नका. टोचायचा दिवस असा निवडा की दुसऱ्या दिवशी घरात दोन मोठी माणसं असतील. पाळ्या लावा, दोन-दोन तासांच्या. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून खरोखर झोपावं, उशाशी बसून सूचना देऊ नयेत. एकटं असाल आणि डोकं भणभणायला लागलं, हातांत राग उतरतोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर बसा. पाणी प्या, कुणाला तरी फोन लावा. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात काही सेकंद गदागदा हलवल्याने मात्र त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे चांगल्या, प्रेमळ आईबाबांच्या हातूनही घडतं, म्हणून बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी बहुतेक बाळं जरा किरकिरी पण ओळखीची वाटतात, आणि तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा झाडायला लागतात. तेव्हा बाळाच्या लसीच्या कार्डावर मागच्या बाजूला लिहून ठेवा: रडणं किती वाजता सुरू झालं, ताप किती होता, औषध किती मिलिलिटर दिलं आणि कशाने शांत झालं. पुढच्या डोसाला ते कार्ड टोचणाऱ्यांसमोर ठेवाल तेव्हा ती ओळ त्यांना दाखवा.